देवरावांच्या ओसरीतली अमेरिका

नकाशाची गुंडाळी पुढच्या सीटवरच्या माणसाच्या कानाला लागली, तेव्हा सत्यशीलाचं सगळं लक्ष खिडकीबाहेर फुललेल्या पळसांकडे होतं.

बासष्ट सालचा मार्च महिना, आणि वणीहून राजूरला जाणारी दुपारची एसटी. त्या काळच्या एसटीची गंमत काही और होती. आधी जागेवरून भांडण व्हायचं, मग कुणाच्या तरी मावशीच्या गावावरून ओळख निघायची, आणि उतरेपर्यंत भांडणारे दोघे एकाच चंचीतली सुपारी खात असायचे. सत्यशीला राजूरच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण होती. शाळेचा उत्तर अमेरिकेचा नकाशा वाळवीनं कडेनं कुरतडला होता. वणीच्या शिंप्याकडून त्याला मागून मांजरपाट लावून घेऊन ती परत निघाली होती. नकाशा तिच्या खांद्याएवढा उंच. गाडीनं वळण घेतलं की तो आपला पुढच्या सीटवरच्या माणसाकडे झुकायचा.

"बाई, बंदूक जरा तिकडं करा नं," तो माणूस कान चोळत म्हणाला.

"बंदूक नाही ते. नकाशा हाये."

"कोनत्या मुलखाचा?"

"अमेरिकेचा."

यावर तो एकदम हसला आणि खिशातून दोन लिफाफे काढून त्यानं तिच्यासमोर धरले. दोन्हींवर परदेशी तिकिटं होती. "मंग बरोबर जागी लागला," तो म्हणाला.

त्याचं नाव नागोराव. नाव आजोबांचं वाटावं असं, पण वय पंचविशीचं, आणि हसला की त्याहूनही कमी वाटायचं. मुकुटबनच्या बाबारावांचा हा मुलगा नागपूरला शेतकी शिकला होता आणि वणीजवळच्या सरकारी बियाणे फार्मवर नोकरीला होता. पुढच्या चार वर्षांच्या शिक्षणासाठी त्याला अमेरिकेतल्या दोन राज्यांच्या विद्यापीठांनी बोलावलं होतं, टेक्सासनं आणि विस्कॉन्सिननं. टेक्सासात कापूस होता, आणि कापूस हा नागोरावचा जीव की प्राण. विस्कॉन्सिनात कापसाचं बोंडही दिसणार नव्हतं. तिथं मका, गाई आणि जमिनीच्या कसाचा अभ्यास. महिनाअखेर कुठं तरी एका ठिकाणी होकार कळवायचा होता, आणि ही दोन राज्यं नेमकी कुठं आहेत हेही त्याला धड माहीत नव्हतं.

नकाशा बघायला शाळेत येऊ का, असं त्यानं विचारलं. शाळेत वाळवी आहे, आता नकाशा आमच्या घरीच राहील, असं ती म्हणाली. म्हणून गेली खरी, आणि मग राजूर येईपर्यंत तिनं पळसावरची नजर काढली नाही. पळस मात्र तिला एकही दिसला नाही.

रविवारी तो आला. नकाशा ओसरीतल्या खुंटीवर टांगला होता. सत्यशीलाचे वडील देवराव कोळशाच्या खाणीत कामाला होते. सुटीच्या दिवशी कितीही घासून अंघोळ केली तरी त्यांच्या पापण्यांत काळी रेघ उरायचीच. आई तुळसाबाईनं चहा ठेवला. शेजारची पंचफुला आत्या तूर पाखडायचं सूप घेऊन ओसरीतच येऊन बसली, कारण घरात तरणाताठा पाहुणा आला असताना आपल्या घरी बसणं हे तिच्या धर्मात बसत नव्हतं. नागोरावनं नकाशावर नावं शोधून बोट ठेवून दाखवलं. हे खाली टेक्सास, हे वर विस्कॉन्सिन.

आत्यानं सूप थांबवलं. "पानी कसं हाये?" तिनं विचारलं.

त्या वस्तीची रीतच तशी होती. मुलगी द्यायची तर आधी दोन जाणती माणसं जाऊन गाव पाहून यायची. पाणी किती लांब, सरपण मिळतं का, जमीन काळी की बरड, आणि गावातली माणसं आपल्या माणसाला रस्त्यानं ताठ चालू देतात का. मुलगा त्यानंतर पाहायचा. पंचफुला आत्यानं आयुष्यात अशी बरीच गावं पाहिली होती आणि त्यातली निम्मी नापास केली होती. अमेरिकेतलं राज्य कसं निवडतात ते तिला ठाऊक नव्हतं, पण गाव कसं पारखतात ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मग झालं. टेक्सास आणि विस्कॉन्सिन ही जणू झरी आणि मारेगाव असावीत, तशी त्या ओसरीत त्यांची पारख सुरू झाली.

पुढच्या रविवारी नागोराव विद्यापीठांची माहितीपत्रकं आणि एक वही घेऊन आला. प्रश्न आता सत्यशीला विचारत होती. वर्गात विचारते तशीच, हातात छडी नव्हती एवढंच. पाऊस किती पडतो, बाजार कधी भरतो, दूध कुणाचं, गाईचं की म्हशीचं. तोही शहाण्या विद्यार्थ्यासारखा उत्तरं द्यायचा, अडला की वहीत लिहून घ्यायचा. मध्येच त्याची नजर नकाशावरून तिच्यावर यायची, आणि तिची नेमकी त्याच वेळी नकाशावर जायची.

"विस्कॉन्सिनात हिवाळा किती दिवस?" तिनं विचारलं.

"पाच महिने बरफच असते म्हन्तात."

"मंग लुगडी वाळत कशी असतील?"

नागोराव वहीत लिहायला गेला... आणि पेन्सिल तिथंच थांबली. पंचफुला आत्यानं सूप खाली ठेवलं.

"तो एकला जाऊन राह्यला पोरी," ती म्हणाली. "लुगडं कोनाचं वाळनार तिथं?"

सत्यशीला चहाच्या कपबश्या गोळा करून आत गेली. कपबश्या अजून भरलेल्याच होत्या. चुलीपाशी उभी राहून तिनं स्वतःलाच चार शिव्या घातल्या. पण मनातून तिला बरं वाटत होतं, आणि हे बरं वाटणं काय आहे ते न कळण्याइतकी ती लहान नव्हती. बाहेर नागोराव आत्याला काहीतरी सांगत होता आणि त्याचा आवाज उगाचच मोठा झाला होता. तो गेल्यावर तिनं त्याची ओसरीत राहिलेली वही उघडून पाहिली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं – लुगडी, बर्फात, चौकशी करणे.

तिसऱ्या रविवारपर्यंत टेक्सास जिंकल्यातच जमा होतं. काळी जमीन, उकाडा आपल्यासारखाच, आणि क्षितिजापर्यंत कापूस. कापसाबद्दल बोलताना नागोरावचे हात हलायचे, धाग्याची लांबी तो दोन बोटांत धरून दाखवायचा. मुकुटबनला त्याचे वडील दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत म्हातारे झाले होते. कमी पाण्यात टिकेल, बोंडअळीला पुरून उरेल असं वाण घेऊन मुलगा परत येईल, याच आशेवर ते बसले होते. सत्यशीलाला ते बोलणं ऐकत राहावंसं वाटे. हा माणूस कापसाबद्दल इतकं बोलतो, तर माणसाबद्दल किती बोलेल, असं तिच्या मनात येई.

तेव्हा देवराव बोलले. आतापर्यंत ते गप्पच होते.

"पानी चांगलं हाये म्हन्ता. पन कोनाच्या विहिरीचं?"

आत्याच्या सुपातली तूर थांबली. नागोरावनं वही मिटली. खोटं बोलणं त्याला जमत नसे. नागपूरचा त्याचा एक मोठा मित्र तिकडे होता, त्यानं पत्रात लिहिलं होतं ते त्यानं सांगितलं. दक्षिणेकडच्या राज्यांत बऱ्याच ठिकाणी काळ्या लोकांसाठी पाण्याचे नळ वेगळे, बसायची बाकं वेगळी. टेक्सासातही. "पन मले अडवनार नाहीत," तो घाईनं म्हणाला. "परदेशी मानसाले सोडतात म्हन्ते. हिंदुस्थानातून आलो एवढं सांगाचं."

"म्हणजे कोन हाओ ते सांगून चांगल्या नळावर जायचं," सत्यशीला म्हणाली. "अन् बाजूच्या नळावर जे उभे असतील, त्याइच्याकडं पाहायचं नाही."

तिला थांबायचं होतं, पण थांबता येईना. मग तिनं आईबापांनाही कधी न सांगितलेली गोष्ट सगळ्यांसमोर सांगून टाकली. यवतमाळला मास्तरकीचं शिक्षण घेताना खोली मिळेना, म्हणून घरमालकिणीला तिनं दुसरीच जात सांगितली होती. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन तीन वर्षं झाली होती, नागपूरच्या मैदानात ती वडिलांचा हात धरून उभी राहिली होती, आणि तरीही सांगितली. मालकीण भली बाई, स्वतःच्या माठातलं पाणी द्यायची. "वर्षभर पेली मी ते पानी," ती म्हणाली. "एक दिवस सरळ गळ्याखाली उतरलं नाही. तुमी तसं चार वर्षं पेनार?"

देवराव नकाशाकडे बघत राहिले. नागोराव उठला, तुळसाबाईला नमस्कार करून पायऱ्या उतरला. सत्यशीलाला वाटलं, संपलं. कापसावर एवढा जीव असलेला माणूस, त्याला आपण कोण सांगणार? आपण त्याच्या कोण?

तो आठवडा तिला फार जड गेला. चौथीच्या मुलींना नद्या शिकवताना ती वर्धेऐवजी भलतंच काही बोलून गेली आणि मुली हसल्या. रविवारी सकाळपासून ओसरी झाडून झाली, पुन्हा झाडून झाली. अकराला येणारी गाडी आली आणि गेली. आभाळ भरून आलं, अवकाळी पावसाचे चार टपोरे थेंब पडले, आत्यानं आरडाओरडा करत वाळवणाची तूर आत ओढली. सत्यशीलानं नकाशा खुंटीवरून काढायला हात वर केला. एवढ्यात तो आला, मुकुटबनच्या बाजूनं सायकलवर, निथळत.

"बाबाले सांगाले गेलतो," तो देवरावांना म्हणाला. "त्याइले न सांगता कागद टाकनं बरं नाही."

त्यानं सदऱ्याच्या आतून, मेणकापडात गुंडाळलेली दोन पत्रं काढली आणि सत्यशीलाच्या हातात दिली. एकात टेक्सासला आभार मानून नकार होता. दुसऱ्यात विस्कॉन्सिनला होकार. तिनं दोन्ही पत्रं वाचली, मग पुन्हा वाचली. इंग्रजी तिला येत होतं, पण त्या घडीला अक्षरं काही जागेवर राहीनात.

"अन् कापूस?" तिनं विचारलं.

"जमिनीचा कस शिकून येईन. कापूस इथं हायेच." त्यानं सदऱ्याचं ओलं टोक पिळलं. "दुखलं मले. खोटं कायले सांगू. बाबालेही दुखलं. दोन दिवस बोलले नाहीत. काल म्हनाले, कापूस मी पाहतो, तू तिकडं सरळ पानी पे."

देवरावांनी डोळे पुसले आणि खाणीतली धूळ अजून निघत नाही म्हणून कुरकुरले. मग मुलीकडे न बघता म्हणाले, पाऊस थांबला आहे, पाहुण्याला रस्त्यापर्यंत पोचवून ये. पंचफुला आत्या लगोलग चप्पल शोधू लागली. तुळसाबाईनं तिचा पदर धरून तिला खाली बसवलं.

राजूरच्या चुनाभट्ट्यांची पांढरी भुकटी त्या रस्त्यावर कायम पसरलेली असे. चार थेंबांनी ती जेमतेम बसली होती आणि ओल्या चुन्याचा वास सुटला होता. तो सायकल हातात धरून चालत होता, ती दोन हात अंतरावरून. वस्तीच्या प्रत्येक दारात कुणी ना कुणी उभं होतं. यापूर्वी सत्यशीला एवढं सावकाश कधी चालली नव्हती.

"त्या लुगड्यायची चौकशी केली मी," तो म्हणाला.

"मंग?"

"मित्राले लिहिलं हाये. उत्तर याचं हाये." तो सायकलच्या घंटीशी चाळा करत राहिला. "पन लुगडं नेसनारीलेच विचारलं नाही अजून."

"विचारा मंग," ती म्हणाली.

"मी अगुदर जाईन, ऑगस्टात. घरादाराची सोय लावीन. थंडी लय हाये. कोनी वळखीचं नाही. कापूस नाही, ज्वारीची भाकर नाही..." तो अडखळला. "येशीन?"

गेले महिनाभर ती त्याला 'तुमी' म्हणत होती आणि तो तिला. त्या एका 'येशीन'नं तिचं काय झालं ते तिलाच सांगता आलं नसतं. तिला शाळा आठवली. वस्तीतली पहिली मास्तरीण म्हणून बाबांनी वाटलेले पेढे आठवले. आईची चूल, आत्याचं सूप, हा चुन्याचा रस्ता, सगळं सुटणार हे तिला उभ्या उभ्या समजलं आणि डोळे भरून आले. पण ज्या माणसानं आपला कापूस सोडला, त्याच्याजवळ आपल्याला काही लपवायचं नाही, हेही तिला तेवढंच समजलं.

"येईन," ती म्हणाली. "मनातून येईन. पन माह्या चौथीच्या पोरी पास होऊ दे. अर्ध्यात टाकून नाही येनार मी."

त्यानं अगदी गंभीर चेहऱ्यानं मान हलवली. "परीक्षा कवा हाये?"

"एप्रिलात."

"म्हणजे पुढच्या महिन्यात?"

"हो."

तो हसायला लागला आणि मग तिलाही हसू आवरेना. मागे दारांत उभ्या असलेल्या बायका एकमेकींना विचारू लागल्या, की देवरावांच्या पोरीला झालं तरी काय. दोघांनी मिळून ती दोन पत्रं राजूरच्या टपालपेटीत टाकली. मग तो सायकलवर बसला नाही, आणि ती घराकडे वळली नाही.