बटण एकदाच दाबायचं

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली तेव्हा आत ती एकटीच होती. घाबरली नाही, वैतागली. झोप अर्धवट, मान आखडलेली, वर दुकानात दुरुस्तीच्या फोनांचा ढीग – आणि त्यात हे. तिने हाताला लागतील ती सगळी बटणं धडाधड दाबली.

वरून आवाज आला, "बाई, बटणं बडवू नका!"

"मग काय गोंजारू त्यांना?"

"एकदा दाबलं की तिला कळतं हो. बहिरी नाहीये ती."

"कळतं तर येत का नाही?"

"येतेय... म्हणजे मीच येतोय."

दार करकरत उघडलं. वरच्या फटीतून एक हात खाली आला, कोपरापर्यंत ग्रीसने माखलेला. तिने क्षणभर त्या हाताकडे पाहिलं, आपल्या धुतलेल्या ओढणीकडे पाहिलं, आणि मुकाट्याने हात दिला. वर आल्यावरही तो हात लगेच सुटला नाही. कुणी सोडायचा राहिला, हे दोघांनीही पुढे कधी कबूल केलं नाही.

त्याने लिफ्ट चालू केली. लिफ्ट कंपनीचा मेकॅनिक तो, काम झाल्याचं कंपनीच्या ॲपमध्ये नोंदवायचं होतं, तर फोन गोठलेला. तो अंगठ्याने स्क्रीन बडवायला लागला.

"इकडे आणा," ती म्हणाली. "आणि तुम्हीही बडवू नका."

दुकान तिच्या मामाचं. पुढे काचेच्या कपाटात नवे फोन आणि मामा, मागे पडद्याआड टेबल, भिंग आणि ती. दुरुस्ती सगळी तीच करायची. तरी येणारा प्रत्येक बाप्या तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारायचा, "कारागीर कुठाय?" ती सांगायची, "गेला बिचारा." हल्ली तेवढं सांगायचाही कंटाळा आला होता.

हा मात्र स्टूल ओढून समोर बसला आणि म्हणाला, "मॅडम, वाचेल का?"

मामाने पडद्यातून मान घातली. "म्हातारा झालाय फोन. नवीन दाखवू?"

"मामा, फोन ठणठणीत आहे. बनवणाऱ्या कंपनीनेच टाकलंय त्याला."

खरंच होतं ते. फोन विकायचा, दोन वर्षं लाड करायचे, मग अपडेट बंद करून हळूहळू गळा आवळायचा. माणूस समजतो की आपलंच काहीतरी चुकलं, आणि गुपचूप नवा घ्यायला जातो. तिला या धंद्याची शिसारी होती, आणि पोटही त्याच धंद्यावर होतं.

त्याची अडचण साधी होती. पहिल्या तारखेपासून लिफ्ट कंपनीचं ॲप जुन्या सिस्टिमवर चालणार नव्हतं. ॲप नाही तर तक्रारी येणार नाहीत, तक्रारी नाहीत तर नोकरी नाही. आणि नवा फोन घेण्याची ऐपत या घटकेला नव्हती.

"फोन कंपनीची सिस्टिम काढून दुसरी टाकू," ती म्हणाली. "कस्टम रॉम म्हणतात. जगभरचे उद्योगी लोक बनवतात आणि फुकट वाटतात. पण आधी कंपनीने सिस्टिमला घातलेलं कुलूप उघडावं लागतं. त्यासाठी कंपनीकडे अर्ज करायचा – हे बटण – आणि आठवडाभर थांबायचं."

"आठवडा? कशाला?"

"तोवर तुम्ही कंटाळून नवा घ्याल म्हणून. आता नीट ऐका. बटण पुन्हा दाबलंत तर मोजणी पहिल्यापासून सुरू."

तो हसला. "हे मला सांगता? माझा जन्म गेला लोकांना हेच सांगण्यात."

आठवड्यात तो दोनदा डोकावला. एकदा तिच्या डुगडुगणाऱ्या स्टुलाला स्क्रू बसवायला. एकदा फोनला सर्दी होते का, हे विचारायला.

"फोनला नाही होत. रिकाम्या माणसांना होते," ती म्हणाली. पण हसली. हसताना मान दुखली, इतके दिवस तिने ती वरच केली नव्हती.

आठवडा भरला तेव्हा तो खालच्या मानेने आला. "चुकून दाबलं गेलं..."

तिने कपाळाला हात लावला. पुन्हा आठवडा. याही आठवड्यात तो येत राहिला. तिच्या चहात साखर नसते हे त्याला कळलं, तिची आई रात्ररात्र खोकते हेही कळलं. तो लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांच्या नकला करायचा – कोण देवाला हाका मारतो, कोण बायकोला, आणि एक साहेब तर अंधारात लिफ्टलाच दमदाटी करत होते. पडद्यापलीकडे मामाही खुसखुसायचा.

आठवडा भरला. तो पुन्हा खालच्या मानेने उभा.

"खिशात दाबलं गेलं, मॅडम."

"खिशात?" तिने भिंग खाली ठेवलं. "त्याला आधी पासवर्ड लागतो. मग अटी मान्य कराव्या लागतात. मग बटण. इतकं सगळं करणारा खिसा मी अजून बघितला नाही."

त्याने खिसा चाचपला. पुढे दुकानात मामाची बडबड थांबली, आणि मामा गप्प बसणं म्हणजे कान टवकारणं.

"जो माणूस दिवसभर लोकांना बटण दाबू नका म्हणून ओरडतो, त्याच्याकडून चुकून? तेही दोनदा?" तिचा आवाज चढला. "पहिली तारीख तोंडावर आलीय. आता शेवटचा आठवडा उरलाय. नोकरी जाईल तुमची!"

"माहितीये."

"मग?"

"फोन झाला की..." तो ग्रीसने काळी झालेली नखं बघत राहिला. "मग इथे यायचं काय कारण सांगून?"

गोष्टीत अशा वेळी नायिका लाजते. ती लाजली नाही, भडकली.

"एकाने मला वर्षानुवर्षं थांब म्हणून सांगितलं. आज बहिणीचं लग्न, उद्या बदली, परवा घर. दर वेळी मोजणी पहिल्यापासून. शेवटी त्याने दुसरीशी लग्न केलं, आणि मला निरोपसुद्धा तिसऱ्याकडून मिळाला. वाट बघायची माझी हौस फिटलीय, कळलं? माझं घड्याळ कुणी मागे फिरवायचं नाही. हसतखेळतसुद्धा नाही."

तिने नवी मोजणी सुरू झाल्याचं तपासलं, सिम काढून एका जुन्या बटणाच्या फोनात घातलं, तो फोन त्याच्या हातावर ठेवला आणि त्याचा फोन ड्रॉवरमध्ये घालून किल्ली फिरवली.

"आठवड्याने या. पहिल्या तारखेपर्यंत तक्रारी यावरच फोन करून घ्या."

तो बटणाचा फोन खिशात घालून गेला.

तो आठवडाभर आला नाही. स्टूल आता डुगडुगत नव्हतं, हीच एक कटकट होऊन बसली. बाहेर लिफ्टचं दार वाजलं की तिचे कान उगाच तिकडे जायचे, आणि मग तिला स्वतःचाच राग यायचा.

"लिफ्ट बरी चाललीय हल्ली," मामा म्हणाला. "बिघडवू का?"

"मामा, गिऱ्हाईक बघा तुमचं."

पहिल्या तारखेच्या आदल्या दुपारी तो आला. दाढी केलेली, हात चक्क स्वच्छ. स्टुलावर बसला.

तिने केबल जोडली. "कुलूप उघडलं की आतलं सगळं पुसलं जाईल. फोटो आधीच वेगळे काढून ठेवलेत. सगळे लिफ्टच्या बटणांचे आणि तारांचे. एक माणूस नाही त्यात."

"माणसं उभी राहत नाहीत. घाईत असतात."

कुलूप उघडलं. जुनी सिस्टिम गेली, नवी चढली. फोन बंद झाला, चालू झाला, आणि स्क्रीनवर एक वर्तुळ फिरायला लागलं. फिरतच राहिलं. इथेच फोन मरतातही, आणि मग उरतो तो काचेचा तुकडा.

"अडकलं का?" त्याने हळूच विचारलं.

"माहीत नाही. हात लावू नका."

"नाही लावत."

दोघं त्या वर्तुळाकडे बघत बसले. चहावर साय धरली.

"आठवडाभर आला नाहीत," ती फोनकडेच बघत म्हणाली.

"खालपर्यंत आलो होतो. दोनदा."

"लिफ्ट बंद होती?"

"चालू होती. म्हणूनच परत गेलो."

तिला हसू आलं. ते तिने दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही... आणि वर्तुळ थांबलं. स्क्रीन उजळली – कोरी, स्वच्छ, दोघांच्या ओळखीची नसलेली. तिने ॲप टाकलं. नवी सिस्टिम मानतंय की नाकारतंय? उघडलं. लगेच एक तक्रारही येऊन पडली, पलीकडच्या गल्लीतल्या इमारतीतून. नोकरी वाचली.

ती खुर्चीत मागे टेकली. तो उठला, फोन खिशात घातला, दोन पावलं गेला आणि वळला.

"आता काही बिघडलेलं नाहीये," तो म्हणाला. "कारण काहीच नाही. तरी उद्या येऊ? तुम्हाला भेटायला. फक्त तुम्हाला."

पडद्यापलीकडे मामाने गिऱ्हाइकाला "श्श" केलं.

तिचं उत्तर येईना, तसा तो गडबडला. "म्हणजे मी काय म्हणत होतो... उद्या जर..."

"अहो लिफ्टवाले," ती दमलेल्या आवाजात म्हणाली, आणि त्या दमलेपणातूनही गालावर काहीतरी उमटलंच, "एकदा दाबलंत ना? मग परत दाबू नका."

तो जागच्या जागी थांबला.

"कळलंय मला. येतेय," ती म्हणाली.