हिरव्या चुड्याचं माप

जिन्यावर थांबत थांबत येणारी पावलं ऐकून देवराम बहिरमला वाटलं, एखादी म्हातारी असणार. दार उघडलं तर बाई पन्नाशीच्याही आतली निघाली. अंगावर स्वेटर होता आणि मनगटं इतकी बारीक की एकुलती एक बांगडी पार कोपरापर्यंत सरकली होती. तिच्या दंडाला धरून कामाची बाई उभी होती.

"दोन दिवसांनी, अठरा तारखेला, मला मारणार आहेत," खुर्चीत टेकता टेकता ती म्हणाली. "घरचेच."

देवरामने पाण्याचा पेला पुढे केला. त्याची सव्वीस वर्षं हवालदारकीत गेली होती. निवृत्तीनंतर गंगापूर रोडवरच्या या खासगी तपासाच्या कचेरीत तो तेजस्विनी गायधनीच्या हाताखाली बसे. काकांनी चोर पुष्कळ पकडले, पण पळून पळून, डोक्याने एकही नाही, असं तेजस्विनी त्याच्या तोंडावर म्हणायची आणि त्यालाही ते पटायचं. पण या बाईचा आवाज त्याने नीट ऐकला. खोटं बोलणाऱ्याचा आवाज त्याला ओळखू येई, आणि हा तसा नव्हता.

बाईचं नाव ललिता सोनवणे. शाळेत शिक्षिका होती. माहेर सटाण्याचं. नवरा धनराज ओझरच्या कारखान्यात सुपरवायझर. मूलबाळ नाही. धनराजची विधवा बहीण प्रतिभा पाच वर्षांपासून त्यांच्याकडेच राहत होती.

"स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे," ललिता म्हणाली. "एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. दिवाळीत डॉक्टर म्हणाले, आता सहा महिने. तेही मी सोसलं हो. पण घरच्यांच्या हातून मरायची भीती वाटते. रोज दुपारी ताक प्यायलं की मेल्यासारखी झोप लागते, चार-पाच तास. महिना झाला."

"दुखण्याच्या गोळ्यांमुळे असेल," देवराम म्हणाला.

"त्या मॉर्फिनच्या. त्या तर जूनपासून चालू आहेत. डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बजावलंय, यांच्याबरोबर झोपेची गोळी चुकूनही द्यायची नाही, श्वास मंदावतो."

तेजस्विनीने मान हलवली. "आणि अठरा तारीख?"

ललिताने मोबाईलवर फोटो दाखवला. हिरवीगार जरीची साडी, शिवून आलेला ब्लाऊज, हिरव्या काचेच्या बांगड्यांची पेटी. ब्लाऊजला शिंप्याची चिठ्ठी लावलेली: अठराच्या आत हवा.

"प्रतिभाच्या कपाटात सापडलं. नवऱ्याच्या आधी, अहेव बाई गेली की तिला हिरवं नेसवतात, चुडा भरतात." तिने ओठ घट्ट मिटले. "माझा दिवस त्यांनी ठरवून ठेवलाय."

कामाच्या बाईने पदर तोंडाला लावला. तिचं नाव नवसाबाई.

"आणखी काही ऐकलंत?"

"परवा अर्धवट झोपेत होते. प्रतिभा फोनवर बोलत होती, 'अठराला दुपारी ती झोपलेलीच असेल.' आणि पुढे म्हणाली, 'धनुष्य मात्र फार मोठं नको.'" ललिता ओशाळली. "ते शेवटचं भास असेल. गोळ्यांनी होतं म्हणतात."

"उलट, ते शेवटचंच नीट लक्षात ठेवा," तेजस्विनी म्हणाली. "नवसाबाई, तुम्ही कधीपासून आहात यांच्याकडे?"

"दसऱ्यानंतर आली मी. माझ्याआधी ती मीना हुती."

"गुणी मुलगी," ललिताचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "ऑपरेशनपासून माझं सगळं तिने केलं. माझ्या दोन-आठच्या बांगड्या सैल व्हायला लागल्या तेव्हा सगळ्या तिलाच दिल्या. तिला अगदी मापात बसल्या. मग गावी लग्न ठरलं म्हणाली आणि एकाएकी गेली. नंतर फोनसुद्धा नाही."

"आज ताक पिऊ नका. कुंडीत ओता आणि डोळे मिटून पडून राहा. तासाभराने मी येतेच," तेजस्विनी म्हणाली.

---

संक्रांत नुकतीच झाली होती. तिळगुळाचा डबा घेऊन तेजस्विनी बाईंची जुनी विद्यार्थिनी म्हणून घरी गेली. देवराम तिचा ड्रायव्हर झाला, त्यात खोटं काहीच नव्हतं. बेडरूमच्या दारातून त्याने डोकावून पाहिलं. ललिता डोळे मिटून पडली होती. उशाशी ताकाचा पेला रिकामा होता आणि खिडकीतल्या कुंडीची माती ओली.

प्रतिभा नीटनेटकी, गोड बोलणारी होती. तेजस्विनीने साडीचा विषय सरळच काढला.

"बाईंना ती साडी दिसली ना, तेव्हापासून घाबरल्यात हो."

प्रतिभाचे डोळे भरून आले. "दिसली का? वहिनीसाठीच आणून ठेवली. आयत्या वेळी कुठे धावाधाव करायची? अहेवपणी जाणार, सगळं रीतीने व्हायला नको का?" तिने स्वतःच कपाट उघडून दाखवलं.

तेजस्विनीने ब्लाऊज उलटून शिवण बघितली. बाजूला जादा कापडाची चांगली दोन बोटं माया होती. बांगड्यांच्या पेटीवर माप लिहिलेलं होतं, दोन-आठ. वरच्या फळीवर गोळ्यांची एक पट्टी पडली होती.

"ह्या माझ्या. हे गेल्यापासून झोपच नाही मला," प्रतिभा म्हणाली.

देवरामला बाईची कीव आली. रीतभात पाळणारी माणसं थोडी आधीच घाई करतात, एवढंच. त्याच्या मते प्रकरण मिटलं होतं.

तेवढ्यात धनराज कारखान्यातून आला. उंच, थकलेला माणूस. साडीचं नाव काढताच तो "कुठली साडी?" म्हणाला, मग बहिणीकडे बघून "हां, ती" म्हणाला.

"रविवारी बाईंना भेटायला वर्गातल्या सगळ्या मुली आल्या तर चालेल?" तेजस्विनीने विचारलं.

"अठराला? नको. माझा ओव्हरटाइम आहे."

"आणि मला मखमलाबादला एका कार्यक्रमाला जायचंय," प्रतिभा म्हणाली. "वहिनी दुपारभर झोपते. नवसाबाईची सुट्टी असते."

देवराम बाहेर येऊन धनराजच्या स्कूटरला टेकला. डिकी उघडीच राहिली होती. आत रुमालात चार कैऱ्या, जानेवारीत. लोणच्याची हौस, असं म्हणून त्याने डिकी लावून टाकली.

मागच्या दारी नवसाबाई भांडी घासत होती. "काका, एक सांगू? प्रतिभाताई घरातल्या एका भांड्याला हात लावत नाय. पण दुपारी ताक झालं की खलबत्ता सोताच धुवून ठेवते. मला लय दिवसांपासून नवल वाटतंय."

गाडीत बसल्यावर देवरामने हे सगळं सांगितलं. कैऱ्यांचं तेजस्विनीने पुन्हा एकदा सांगायला लावलं. गाडी वळणावर आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "काका, उद्या दुपारी सगळे घरात हवेत. आणि गाडीत एक उशी टाका."

त्या वेळी देवरामला भीती वाटली. उशी कशाला, हे विचारायचं त्याच्याच्याने झालं नाही.

---

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, हॉलमध्ये ललिता सोफ्यावर बसली होती. शेजारी नवसाबाई. धनराज आणि प्रतिभा समोर. टीपॉयवर ताकाचा पेला. तेजस्विनीने आपण कोण ते सांगितलं, आणि पेला उचलून प्रतिभापुढे धरला.

"घ्या. आज तुम्ही प्या."

"मला... मला ताक चालत नाही."

"काल जेवताना तर वाटीभर प्यायलात," ललिता म्हणाली.

प्रतिभाने पेल्याला हात लावला नाही.

"तुमच्या झोपेच्या गोळ्या तुम्ही खलबत्त्यात कुटून यात घालता," तेजस्विनी म्हणाली. "घरात एवढं एकच भांडं तुम्ही स्वतः धुता. कशासाठी, ते त्या साडीने सांगितलं."

"साडी अहेव बाईच्या..." देवराम मध्येच बोलला.

"काका, तुमच्या आईला शेवटचं नेसवलं तेव्हा ब्लाऊज मापाने शिवून, वर दोन बोटं माया ठेवली होती का? जी बाई रोज वाळत चाललीये तिच्यासाठी अंग भरेल म्हणून जागा कोण ठेवतं? आणि बांगड्या दोन-आठच्या. प्रतिभाताई रोज वहिनीला डोळ्यांसमोर बघतात. हात केवढासा राहिलाय ते त्यांना ठाऊक आहे."

"मग नवरीसाठी?" देवरामने विचारलं.

"नवरीला धनुष्य देत नाहीत."

देवरामच्या डोक्यात उजेड पडला तो तेव्हा. त्याच्या सुनेच्या वेळी फुलवाल्याने मुकुट, बाजूबंद आणि फुलांचं धनुष्य आणलं होतं. तिच्या हातात बाण देऊन सगळ्यांनी फोटो काढले होते.

"डोहाळजेवण," तो पुटपुटला.

"सातव्या महिन्यातलं. उद्या दुपारी, मखमलाबादला. तिथेही हिरवी साडी आणि हिरवा चुडाच लागतो. धनराजराव, हंगाम नसताना चार कैऱ्या लोणच्यासाठी आणत नाहीत, कुणीतरी हट्ट केला म्हणून आणतात. आणि त्या घरात आल्याच नाहीत, डिकीतच राहिल्या." तिने ललिताकडे पाहिलं. पुढचं सांगायला तिलाही जड जात होतं. "ज्या हाताला तुमच्या जुन्या बांगड्या मापात बसल्या, तो हात या घरात एकाच मुलीचा होता. दसऱ्याला ती तीन महिन्यांची होती. दिसू लागायच्या आत तिला घालवलं."

ललिताने नवऱ्याकडे पाहिलं. "मीना?"

धनराजने मान खाली घातली. तेवढं पुरेसं होतं.

"वहिनी, घराला मूल हवं होतं गं," प्रतिभा रडत म्हणाली. "ओटी भरल्यावाचून कसं ठेवायचं तिला? दुपारी मी तिच्याकडे जाते ते तुला कळू नये म्हणूनच झोपवत होते. तुझं वाईट कुणाच्या मनात नव्हतं. देवाशपथ."

"म्हणजे मला कुणी मारणार नव्हतं," ललिता हळूच म्हणाली. तिच्या आवाजात सुटका नव्हती.

"मारायचं कुणाच्या मनात नव्हतं," तेजस्विनी म्हणाली. "प्रतिभाताई, रोज एक गोळी पुरते. उद्या कार्यक्रम लांबणार. उद्या किती घालणार होतात?"

प्रतिभाने आधी ताकाच्या पेल्याकडे पाहिलं. मग दोन बोटं वर केली, आणि थोडं थांबून तिसरंही.

"मॉर्फिनवर तीन. घरात दुसरं कुणी नाही. उद्या तुम्ही कार्यक्रम उरकून परत आला असतात तेव्हा बाईंचा श्वास थांबलेला असता. आणि आजारी माणूस गेलं म्हणून कुणी विचारलंही नसतं."

धनराजने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने काय आणि किती घातलं होतं, हे त्याला खरोखर ठाऊक नसावं, असं देवरामला वाटलं. बायको दुपारभर झोपते एवढं त्याला ठाऊक होतं आणि ते त्याच्या सोयीचं होतं. देवरामला त्या माणसाची नोकरीत पाहिलेल्या कुठल्याही गुन्हेगारापेक्षा जास्त किळस आली.

"पोलिसांत द्यायचं का, ते तुम्ही ठरवा," तेजस्विनी ललिताला म्हणाली. "पेला मी जपून ठेवते."

"ठेव." ललिता सोफ्याला धरून उभी राहिली. तिने बांगड्यांची पेटी मागितली, त्यातली एक बांगडी हातात घातली. ती कोपरावरून थेट दंडापर्यंत गेली. तिने ती काढून परत पेटीत ठेवली आणि पेटी प्रतिभाच्या हातात दिली. "मीनाला दे. तिच्यावर माझा राग आहे, पण चुडा फुटू नये."

मग ती नवऱ्याकडे वळली.

"मी सटाण्याला वाल्मीककडे चालले. भावाच्या घरी मरेन. निरोप येईल तेव्हा तू यायचं नाहीस. मला हिरवं नेसवायचं नाही, चुडा भरायचा नाही. तुझ्या नावाने अहेव म्हणून मला कुणी उचलायचं नाही. माझी शाळेची पांढरी साडी मी घेऊन जातेय."

नवसाबाईने कपाटातून ती साडी आणून पिशवीत घातली.

उशी कशाला ते देवरामला आता कळलं. मागच्या सीटवर ललिताला नीट टेकवून त्याने गाडी काढली. शेजारी तेजस्विनी, मागे नवसाबाई. आडगाव मागे पडलं तरी ललिताचे डोळे सताड उघडे होते.

"काका, माझ्याशी बोलत राहा," ती म्हणाली. "झोपायची भीती वाटते मला. महिनाभर मी झोपले नाही, मला झोपवलंय."

देवरामने गाडीचा वेग थोडा कमी केला. "ताई," तो म्हणाला, "सव्वीस वर्षं रात्रपाळीच केली मी. मला जागता येतं. तुम्ही झोपा."

ओझर यायच्या आधीच ती झोपली. धनराजच्या कारखान्याचं फाटक डावीकडून मागे गेलं, तिला कळलंही नाही. देवराम मात्र सटाण्यापर्यंत दर थोड्या वेळाने आरशात बघत राहिला, आणि स्वेटर वरखाली झालेला दिसला की मगच पुढच्या रस्त्याकडे बघत होता.