नेच्याची पाठ

घरची मोठी बाई समोर उभी असताना माणसानं निदान उठून तरी बसावं की नाही? पण हा भिंगवाला ओढ्याकाठी पालथा पडलेला, डोळ्याला भिंग, हनुवटीला चिखल. वाट चुकून रोपवाटिकेत शिरला त्याला तीन महिने झाले. तेव्हापासून त्याची वाट रोजच चुकत होती. रोपवाटिकेच्या मालकीण आत्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या, आणि ह्यानं मान वळवली ती त्यांच्या भाचीकडे!

"सापडला! दुर्मीळ नेचा. कॉलेजात सरांना कळवूनही टाकलं मी."

भाची शेजारी उकिडवी बसली. खडकाच्या भेगेत नेच्याचं, म्हणजे फर्नचं, बोटभर रोप थरथरत होतं.

"पाठ बघितलीत?"

"कोणाची?"

"पानाची हो… माझ्याकडे काय बघताय!"

तिनं जून पान अलगद उलटं केलं. "हे ठिपके मधल्या शिरेजवळ आहेत. तुमच्या दुर्मीळ नेच्याचे कडेला असतात, आणि तो झाडाखालच्या मातीत वाढतो. ओल्या खडकात नाही. हा साधाच आहे… पण गोड आहे."

आत्याबाईंची मान ताठ झाली. चौथीत शाळा सुटलेल्या त्यांनीच पोरीला शिकवलेलं होतं ते! पण लगेच मागचं आठवलं. पोरीच्या हुशारीपायी दोन स्थळं नाकं मुरडून गेली होती. हाही फणकारला तर? पोरीचा जीव जडलाय, हे काय त्यांना दिसत नव्हतं?

भिंगवाला कानापर्यंत लाल झाला. पडल्या पडल्याच त्यानं फोन लावला.

"सर, सकाळचं चुकलं माझं… नाही, मी नाही ओळखला. ज्यांनी ओळखला त्यांचं नाव अहवालात घालायचंय. माझ्या आधी… माझ्या कोण म्हणजे? अजून तरी कोणी नाहीत. विचारतोय…"

फोन खाली आला. "विचारू?"

"चिखलात लोळत?"

"उभा राहिलो तर धीर सुटेल."

भाची पुढे सरकली. रुमाल काढून तिनं त्याच्या हनुवटीचा चिखल पुसला… गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

आत्याबाई खाकरल्या.

"वागायची रीत नाही तुला, ती मी शिकवीन. चूक कबूल करायची दानत मात्र घरून घेऊन आलायस. पोरीनं होकार दिलाय, माझाही आहे. आता ऊठ, जावईबापू! सासूसमोर पालथं पडून राहत नाहीत."