खंडेनवमीची रायफल

ही घटना खरी आहे. पटायला जड जाईल. ती ज्याच्यावर गुदरली, त्या धर्मा नावाच्या कामगारालाही ती अजून पचलेली नाही.

प्रेमावहिनींच्या पत्राला त्यानं कित्येक वर्षं उत्तर दिलं नाही. पत्रात एकच प्रश्न होता.

"भावोजी, मी दारातच उभी होते. ह्यांच्या हातात रायफल तुम्हीच दिलीत. का दिलीत?"

साल १९६९. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी वहिनींच्या यजमानांचा, रतनशेठचा, बंदूक दुरुस्तीचा कारखाना होता. धर्मा तिथला टर्नर, लेथवर काम करणारा.

खंडेनवमीची दुपार. हत्यारांची पूजा झालेली. लेथला झेंडूचे हार. त्या दिवशी यंत्राला कुणी हात लावत नसे.

चौरंगावर एका शिकाऱ्याची रायफल होती. तिच्या नव्या नळीत काडतुसाचं घर धर्मानंच कोरलं होतं. काम केसभर अंतराचं. घर जरा खोल गेलं, की काडतूस मागे फुटतं... थेट तोंडावर. म्हणून शेवटी आत गेज, म्हणजे मापाचा तुकडा, घालून नळी मागून बंद करणारा बोल्ट मिटून बघायचा. बोल्ट अडला, तर घर बरोबर. मिटला, तर नळी भंगारात.

आदल्या संध्याकाळी बोल्ट अडला होता.

वर्षापूर्वी एका नळीत तो मिटला होता. कारखान्यातला बळवंत मिस्त्री, ज्याची बोटं सदा तेलकट, म्हणाला, "शेठ, ही उडवायची नाही." रतनशेठनं त्यालाच उडवायला लावली. बळवंत जागीच गेला. मागच्या भिंतीवरचे डाग चुन्यानंही गेले नाहीत.

धर्मा प्रसादाची पानं उचलत होता. तेवढ्यात...

खर्र... खर्र...

पोलादात रीमर, घर कोरायचं हत्यार, फिरल्याचा आवाज.

त्यानं वळून बघितलं. लेथ बंद. हार जागच्या जागी.

मग... खट्.

चौरंगावरच्या कुंकवात पोलादाचा ताजा कीस पडला होता. त्यानं बोट लावलं.

कीस गरम होता.

त्यानं गेज घातलं. बोल्ट लोण्यासारखा मिटला.

"काय रे, सणाच्या दिवशी तोंड असं का?" रतनशेठ आत आला. मागे दारात वहिनी, हातात ताट. "आण ती. एक बार काढून बघतो."

"नको शेठ. घर खोल गेलंय."

"काल तर बरोबर होतं ना! भांग चढली काय रे?"

"आईची शपथ, शेठ. हिला हात लावू नका."

धर्मानं रायफल छातीशी आवळली. रतनशेठ कमरेवर हात ठेवून हसत होता.

आणि मागून... धर्माच्या बोटांवर कुणाची तरी बोटं आली.

थंड. तेलकट.

त्यांनी त्याचं एकेक बोट उलगडलं. सावकाश.

रायफल रतनशेठच्या हातात गेली.

मागच्या चाचणीच्या वाळूच्या खड्ड्याकडून बार ऐकू आला. धर्मा धावला. बोल्ट डोळ्यातून शिरून कवटीबाहेर आला होता. जबडा लोंबत होता. शेठचे पाय अजून वाळू उकरत होते. वहिनींची किंकाळी थांबेना.

पोलिसांनी अपघात लिहिला. कारखाना बंद पडला.

परवा धर्मानं अखेर कार्ड लिहिलं.

"वहिनी, मी दिली नाही. माझी बोटं कुणीतरी सोडवली. तुम्ही दारात होतात. माझ्या मागे कोण उभं होतं... तुम्हाला दिसलं का?"

कार्ड पेटीत पडलं.

आता उत्तर येईल, याचीच त्याला भीती वाटते.