चादरीचं दुसरं टोक

"धरा हे," म्हणत तिने ओल्या चादरीचं टोक त्याच्या हातात कोंबलं. लाँड्रीत नवा माणूस येणार होता, हा दारात उभा होता – झालं. त्यानेही मुकाट्याने धरलं. काखेत पेटी, चष्म्यावर वाफ, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"पिळा की. माझ्या उलट्या बाजूने हो... एकाच बाजूला पिळलं तर चादर नुसती गरगरते."

"मी... विद्यापीठातून आलोय. हवा मोजायला."

"मग रडताय कशाला? अजून तर मी काही बोललेही नाही."

हंड्यापाशी उभी असलेली तिची आई हसली, आणि हसता हसता नेहमीसारखी खोकत बसली.

हॉटेलांच्या चादरी तिथे ब्लीच घालून उकळायच्या. वाफ घशात काट्यासारखी रुतायची. डॉक्टर आईला म्हणाले होते, काम सोडा नाहीतर ही हवा सोडा. म्हणायला काय जातं! पण विद्यापीठाचा प्रकल्प होता: गावातल्या ज्या लाँड्रीची हवा सगळ्यात वाईट, तिथे वाफ ओढून घेणारा पंखा बसवायचा, बायकांचा खोकला कमी होतो का ते बघायचं, मग सगळीकडे बसवा म्हणून सरकारला सांगायचं. आईचा जीव त्या पंख्यावर टांगलेला.

तो दर मंगळवारी यायचा. स्टुलावर पेटी ठेवायची आणि दुपारभर बसायचं. बसून कंटाळला की चादरीचं टोक धरायचा. घडी घालताना दोघं लांब जायची, जवळ यायची, टोकाला टोक लागायचं... बोटाला बोट. घातलेल्या घड्या ती मोडून पुन्हा घालायची.

पण त्याचे ते लाल डोळे तिला बघवेनात. म्हणून मंगळवारी मागचं दार सताड उघडं, आणि ब्लीचच्या चादरी बुधवारवर.

"जावई ठरायच्या आधीच घर झाडायला लागलीस," आई म्हणाली.

"आता डोळे झोंबत नाहीत," तो एकदा म्हणाला. "सवय झाली बहुतेक."

"हवेची?"

त्याचे कान लाल झाले.

मग एका मंगळवारी तो पेटीशिवाय आला.

"तुमची हवा सगळ्यात चांगली निघाली. पंखा... नदीपलीकडच्या लाँड्रीत जातोय."

तिच्या हातातली चादर हंड्यात पडली. "अहो, ती हवा खोटी होती. तुम्ही यायचात म्हणून मी दार उघडायचे. ब्लीच उद्यावर ढकलायचे. पेटी तीच हवा मोजतेय, हे ध्यानातच आलं नाही माझ्या."

त्याने चष्मा काढला, नुसताच पुसत राहिला. "दार मला दिसायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"बंद करा म्हटलं असतं तर वाफ भरली असती. तुझा चेहरा... दिसला नसता मला."

इतके दिवस ज्या शब्दांसाठी ती आसुसली होती, ते असे आले. आणि 'तुझा' म्हणाला, तेही आजच.

"पुन्हा मोजा मग."

"सरांना काय सांगू? माझं सगळं काम बाद होईल. पीएचडी जाईल." तो जवळ आला. "आपण लग्न करू. आईंना इथून घेऊन जाऊ. त्यांना काम करायची गरजच राहणार नाही."

तिने मागे वळून बघितलं. हंड्यांपाशी कामावरच्या मावश्या उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून.

"आणि ह्यांचं? ह्यांच्याशीही लग्न करणार?"

त्याने सवयीने चादरीला हात घातला. तिने टोक ओढून घेतलं. "राहू द्या. मोजणी खरी कराल तेव्हा धरा."

पुढच्या मंगळवारी तिने मागचं दार स्वतःच्या हाताने लावलं, कडी घातली, हंड्यात ब्लीच ओतलं. स्टूल पुसून जागेवर ठेवलं.

"कुणाची वाट बघतेस गं?" आईने विचारलं.

"कुणाची नाही. हवा खरी करून ठेवतेय."

दिवेलागण झाली तरी स्टूल रिकामंच. मावश्या घरी गेल्या होत्या, पिळायला दुसरं माणूस नव्हतं, तेव्हा आईनेच टोक धरलं. खोकल्याने ते तिच्या हातातून सुटलं. तिने वाकून उचललं, पुन्हा आईच्या हातात दिलं, आणि दोघी उलट्या बाजूंनी पिळू लागल्या.