महालाचं अंगण

लोणावळ्याच्या बाजारपेठेमागे आमचा रंगीत चित्रांचा छापखाना होता. छपाईच्या दगडांवर चित्रं काढायचं काम माझ्याकडे. चौतीस सालच्या सुमारास देवांच्या तसबिरींपेक्षा महालांचीच चित्रं जास्त खपू लागली. मला गंमत वाटे. पावसाळ्यात ज्यांच्या कुडाला ओल चढते, तेच लोक भिंतीवर संगमरवरी महाल टांगायचे. माझा महाल तर हातोहात जाई. कारंजं, पायऱ्या, लांबरुंद अंगण, आणि माणूस एकही नाही. माणसं काढायचा मला कंटाळा.

त्या भाद्रपदात माझी बायको मुक्ता तापाने अंथरुणाला खिळली. डॉक्टरांचं औषध चालू होतं, पण गुण येईना. तिच्या पेजेसाठी जुने आंबेमोहोर तांदूळ हवे होते, म्हणून मी बेडसे गावात ओळखीच्या महिपतीभाऊंकडे गेलो. भाऊ खाचरात होते. त्यांच्या म्हाताऱ्या आई, सरुबाई, सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. समोरच्या भिंतीवर माझाच महाल. त्यात देव नाही नि देवी नाही, तरी बाईंनी महालाच्या उंबऱ्याला कुंकू लावलेलं. हसू दाबत मी जवळ गेलो.

अंगणात एक बाई वाकून झाडत होती.

नखाएवढी असेल. आधी माशीची घाण वाटली, म्हणून मी धोतराच्या सोग्याने काच पुसली. हिरवं लुगडं, खोचलेला पदर, हातात खराटा. एका दगडावरून निघालेल्या सगळ्या प्रती सारख्याच असतात. एखादीतच वेगळं काही येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

"मावशी, ही बाई कुणी रंगवली?"

"कोन रंगवनार? आमची रतन हाय ती, महिपतीची बायकू. शिमग्यात गेली न्हवं का." त्यांचं पाखडणं चालूच होतं. "दुखन्यात पडल्या पडल्या त्येच्याकडं बघायची. जायच्या आदीच दिसाय लागली तितं."

"एवढ्या महालात गेली, मग राणी तरी व्हायचं." मी चेष्टा केली.

"रान्या आदीच आसतील की आत, दादा. आमाला कोन बसवतंय? झाडायला मातर मानूस लागतंच."

तांदळाची पुरचुंडी घेऊन मी निघालो. या महालाची पहिली प्रत मी मोठ्या हौसेने मुक्तेच्या खाटेसमोर लावली होती. ती दिवसभर त्याच्याकडेच बघत पडून असे. सरळ सांगतो, मला भीती वाटली. कामशेत स्टेशनापर्यंत मी जवळजवळ धावतच आलो.

घरी पोचलो तेव्हा खिडकीतून अजून ऊन येत होतं. मुक्ता भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी आधी चित्रापाशी गेलो.

कारंजं. पायऱ्या. अंगण.

अंगणात कुणी नव्हतं. पुन्हा पुन्हा पाहिलं, काच पुसून पाहिलं. कुणीच नव्हतं. म्हातारीच्या नादी लागून मीही खुळावलो, असं मनाशी म्हणत मी खाटेवर बसलो.

मुक्तेने डोळे उघडले.

"आलात? मी आत्ताच जरा पाठ टेकली."

"पडून राहा. पेज करतो तुला."

"केवढं मोठं अंगण काढलंत हो," ती हळूच म्हणाली. "सरतच नाही."

मी तिचा हात हातात घेतला. महिनाभर ती अंथरुणातून उठली नव्हती. तिच्या तळहातावर ताजे फोड आले होते.