डावीकडे कलणारा मासा

घारीने दोरीवर वाळत घातलेला मासा उचलला आणि नात्सुए अनवाणीच धक्क्यावर धावत सुटली. मासा लाकडाचा आहे हे घारीला जरा उशिराच कळलं. तिने तो वैतागून खाली टाकला, तो नेमका शिन्गोच्या नावेत.

"आकाशातून मासे पडायला लागले. आता जाळी विकावीत म्हणतो!" शिन्गो हसत म्हणाला. मग मासा हातात घेतला आणि हसायचं विसरलाच. पाठीवर शिंपल्याचा निळसर पापुद्रा, ओले वाटणारे डोळे... "हा तुम्ही केलात?"

"घारसुद्धा फसली, तुमचं काय घेऊन बसलात!"

"मोठ्या ट्यूनासाठी हाच द्या मला."

"अजून समुद्रात पोहवून बघितलेला नाही –"

"मग माझ्या नावेमागे बांधून बघू. रविवारी?"

इकी बेटावर मोठ्या माशांना गळाकडे भुलवणारे असे लाकडी मासे तिचे बाबा घडवत. त्यांची नजर अधू झाली आणि हा नात्सुएने एकटीने केलेला पहिलाच. तो सरळ पोहला तर काम चालू ठेवायचं, नाहीतर हत्यारं विकून टाकायची, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

घरच्या टबात तो झकास पोहायचा. बाबा पंचा घेऊन दाराशी ताटकळत. "अगं, माशाची आंघोळ झाली असेल तर बापाला जाऊ दे!" पण रविवारी, खऱ्या पाण्यात... तो डावीकडे कलायचाच.

"पुढच्या रविवारी बघू," शिन्गो दर वेळी म्हणे, तेही खुशीत. दोरी मात्र तो स्वतःच बांधे आणि स्वतःच सोडे, तिच्याकडे पाठ करून. मग दोघं भाताचे गोळे खात, गरम चहा पीत बसत. परतताना तिला वाटे, किनारा अजून थोडा लांब असता तर! आणि घरी पोचली की आपल्या हातांकडे बघत राही. बिघडले का हे?

सहाव्या रविवारी ती हत्यारांची पेटी घेऊनच आली. मासा पुन्हा डावीकडेच कलला.

"हा शेवटचा. मला नाही जमत. पेटी विकतेय मी."

शिन्गोचा चेहरा पडला. त्याने खिशातून पक्कड काढून तिच्यापुढे ठेवली. तिने मासा उचलून बघितला. तोंडाशी दोरी बांधायची कडी केसभर डावीकडे वाकलेली होती, तिच्यावर पकडीचे ओरखडे.

"तुम्ही?... सहा रविवार मी माझ्या हातांना दोष देतेय!"

"चुकलो. पण तो पहिल्याच दिवशी सरळ गेला असता, तर दुसऱ्या रविवारी तुम्हाला कुठल्या तोंडाने बोलावलं असतं? मला मासा नकोच होता, नात्सुए-सान... तुम्ही हव्या होतात."

तिला राग आला, खूप आला. तिने कडी सरळ केली आणि मासा लाटांत सोडला. तो सरळ निघाला... चमचमत, जिवंत. तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे... तयार झाला," शिन्गो हळूच म्हणाला. दोरी ओढून घेताना तो तिच्याकडे बघतही नव्हता.

नात्सुएने त्याच्या हातातून मासा घेतला, पक्कड उचलली आणि कडी केसभर उजवीकडे वाकवली.

"आता उजवीकडे कलतोय," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी बघू."